झेंडूला पाकळ्या किती?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादर स्टेशनच्या पश्चिमेच्या फूलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. तेथून आणलेला एक झेंडू हातात घ्या आणि सांगा, याला पाकळ्या किती? मोजता मोजता दमून जाल! पण मुळात प्रश्नच फसवा आहे.

झेंडूची एक 'पाकळी' बुडापासून अलगद उपटा. तिच्या तळाशी काडीसारखा बारीक भाग दिसेल. तो अंडाशय. पुढे त्याचेच काळे, लांबट 'बी' होते. पाकळीला अंडाशय कसा असेल? म्हणजे ती पाकळी नव्हे, ते एक स्वतंत्र छोटे फूल आहे! त्याला पुष्पक म्हणतात आणि एकाच बैठकीवर दाटीने बसलेल्या पुष्पकांच्या समूहाला स्तबक. सूर्यफूल आणि शेवंती हीसुद्धा स्तबकेच.

नेमका शब्द माहीत असला की नजर नेमक्या जागी जाते. म्हणूनच वनस्पतिशास्त्रात फुलांच्या आकारांना नावे आहेत. त्यांतली बरीचशी आपल्या ओळखीच्या वस्तूंवरून आली आहेत.

धोतऱ्याचे फूल नरसाळ्याकृती. सदाफुलीचे समईसारखे: खाली बारीक दांडा, वर पसरट तबकडी. हा दांडा पोकळ असतो आणि त्याच्या तळाचा मध फुलपाखराच्या लांब सोंडेला पोचतो. चाळीच्या गॅलरीतल्या तुळशीचे फूल द्व्योष्ठक, म्हणजे दोन ओठांचे. वरच्या ओठाला चार दाते, खालचा अखंड.

वाटाण्याचे फूल पतंगरूप. हा पतंग मांजाने उडवायचा नव्हे, पंखांनी उडणारा! या फुलाची सर्वांत मोठी पाकळी म्हणजे ध्वज, बाजूच्या दोन म्हणजे पंख आणि उरलेल्या दोन जुळून झालेली नौका. पुंकेसर व स्त्रीकेसर नौकेत दडलेले असतात.

आता गोकर्ण पाहा. तेही पतंगरूपच, पण उलटे! ध्वज खाली, नौका वर. बहुतेक पतंगरूप फुलांत पराग मधमाशीच्या पोटाला लागतात. गोकर्णात ती ध्वजावर उतरून आत शिरते, म्हणून ते तिच्या पाठीला लागतात. ध्वज आणि नौका हे शब्द नसते, तर हा फरक आपल्या लक्षात तरी आला असता का?

तुम्हीही घराजवळची पाच फुले गोळा करा, भिंगातून पाहा आणि त्यांचे आकार वहीत नोंदवा. धोतरा मात्र विषारी आहे. त्याला हात लावल्यास हात साबणाने धुवा.

आणि हो, दाराच्या तोरणात पन्नास झेंडू ओवले असतील, तर त्यात फुले किती?