एक्सएमएल दस्तऐवजातील घटकांचे स्थानांतर

एक्सएमएल या चिन्हांकन भाषेत सिद्ध केलेल्या दस्तऐवजातील एखादा घटक मूळ जागेवरून काढून त्याच दस्तऐवजात अन्यत्र ठेवण्याची क्रिया. यासाठी एक्सएसएलटी ही रूपांतर भाषा विशेषेकरून वापरतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने एक्सएमएलची पहिली शिफारस १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली १९९९ मध्ये निघाली. मायकेल के यांनी संपादित केलेल्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्त्या अनुक्रमे २००७ व २०१७ मध्ये निघाल्या.

एक्सएमएल दस्तऐवज हा तत्त्वतः एक वृक्ष असतो. प्रत्येक घटकाला एक जनक व शून्य किंवा अधिक अपत्ये असतात आणि अपत्यांचा क्रम अर्थपूर्ण मानला जातो. उदा., कोशातील ‘नोंद’ या घटकाची ‘शीर्षक’, ‘मजकूर’ व ‘लेखक’ अशी तीन अपत्ये आहेत असे समजू. (घटकांची नावे देवनागरीत देण्यास एक्सएमएलची हरकत नाही, एक्सएसएलटीच्या निदेशांची नावे मात्र इंग्रजीच असतात.) छपाईसाठी लेखकाचे नाव नोंदीच्या अखेरीस हवे, पण दुसऱ्या संस्थेच्या नमुन्यात ते शीर्षकानंतर लगेच हवे, असे वारंवार घडते. तेथे स्थानांतराची गरज पडते.

एक्सएसएलटीत ‘हलवा’ असा निदेशच नाही, ही गोष्ट नवशिक्यास चमत्कारिक वाटते. या भाषेतील आज्ञावली मूळ वृक्षाला कधीच हात लावत नाही. तो वाचून ती दुसरा, नवा वृक्ष रचते. त्यामुळे स्थानांतर म्हणजे दोन स्वतंत्र कृती होत : नव्या जागी घटक उमटविणे आणि जुन्या जागी तो न उमटविणे. पहिली विसरली, तर घटक नष्ट होतो. दुसरी विसरली, तर तो दोनदा येतो. दोन्ही प्रसंगी निघालेला दस्तऐवज रचनेच्या दृष्टीने निर्दोष असू शकतो व प्रक्रियक चुकीची कोणतीही सूचना देत नाही.

कार्यपद्धती : प्रथम एक सर्वसाधारण साचा लिहितात. समोर येणारा प्रत्येक घटक, गुणविशेष व मजकूर जसाच्या तसा उतरवावा आणि मग त्याच्या अपत्यांकडे वळावे, एवढेच तो सांगतो. यास तादात्म्य साचा म्हणता येईल. एकट्याने वापरल्यास त्यातून मूळ दस्तऐवजाची प्रतिकृती मिळते. तिसऱ्या आवृत्तीत हेच काम एका घोषणेने साधते. त्यावर अपवादाचे दोन साचे चढवितात. ‘लेखक’ घटकासाठी रिकामा साचा देतात, म्हणजे तो जुन्या जागी उमटत नाही. ‘शीर्षक’ घटकाचा साचा प्रथम शीर्षक उतरवितो व नंतर त्याच जनकाच्या ‘लेखक’ या अपत्याला पाचारण करतो. नावानिशी दिलेला साचा सर्वसाधारण साच्यापेक्षा अग्रक्रमाचा असल्याने दोहोंत संघर्ष होत नाही.

मात्र एवढ्यावर काम थांबविल्यास लेखक सर्वत्रच नाहीसा होतो. कारण नव्या जागी पाचारण केल्यावरही तोच रिकामा साचा लागू पडतो. येथे दोन उपाय आहेत. पहिला, नव्या जागी घटकाची समग्र प्रत घेणे. हा सोपा आहे, पण त्या घटकाच्या पोटातील भागांवर अन्य कोणतेही संस्कार होत नाहीत. दुसरा, नव्या जागेसाठी वेगळ्या रीतीचा (मोडचा) साचा लिहिणे. यात पोटातील भागांवरील नियम चालू राहतात, म्हणून तो अधिक चांगला. ‘नोंद’च्या साच्यातच अपत्यांची नावे हव्या त्या क्रमाने लिहून टाकण्याची तिसरी पद्धतही प्रचलित आहे. तिच्यात रिकाम्या साच्याची गरज नाही, परंतु पुढे कोणी नोंदीत ‘चित्र’ हे अपत्य वाढविले, तर ते यादीत नसल्यामुळे निमूटपणे गळते. रचना कायमची ठरलेली नसेल, तर ही पद्धत टाळावी.

घटकाचा पत्ता एक्सपाथ भाषेत देतात. तो चालू घटकापासून मोजावा लागतो. ‘दस्तऐवजातील सर्व लेखक’ असा पत्ता दिल्यास प्रत्येक शीर्षकाखाली साऱ्या खंडाचे लेखक येऊन बसतात. चाचणीच्या दस्तऐवजात एकच नोंद असली, तर हा दोष दिसतच नाही. दस्तऐवजाने नामावकाश घोषित केलेला असल्यास साच्यातील उपसर्गहीन नाव त्याच्याशी जुळत नाही, साचा लागू पडत नाही आणि निर्गत दस्तऐवज मूळ क्रमानेच निघतो. हलविलेल्या मजकुराचे गुणविशेषात रूपांतर करावयाचे असेल, तर तो गुणविशेष जनकाच्या अपत्यांआधी उमटविला पाहिजे.

तळटीपांचे स्थानांतर याहून गुंतागुंतीचे असते. मजकुरात विखुरलेल्या टीपा लेखाच्या अखेरीस एकत्र आणताना जुनी जागा रिकामी ठेवून चालत नाही. तेथे क्रमांक सोडावा लागतो व अखेरच्या टीपेलाही तोच द्यावा लागतो. दोन्ही क्रमांक मूळ वृक्षातील टीपेच्या स्थानावरून मोजले, तर ते जुळतात. मूळ वृक्ष अबाधित राहतो याचा येथे मोठा फायदा होतो.

सामान्यतः प्रक्रियक संपूर्ण वृक्ष स्मृतीत ठेवतो. तिसऱ्या आवृत्तीत प्रचंड दस्तऐवज प्रवाहरूपाने वाचण्याची सोय आहे, पण मागचा घटक पुढे आणायचा, तर तो वाचून होईपर्यंत मधला सर्व भाग साठवून ठेवावाच लागतो. रूपांतरापूर्वी व नंतर प्रत्येक नावाचे घटक मोजून संख्या ताडून पाहिल्यास गळती व पुनरुक्ती बहुधा लगेच ध्यानात येते.