हातातली विद्या, पेढीतली विद्या

1912 साली मुंबईत एका कर्जदाराने सावकारांपुढे ठेवलेले तारण मोठे विलक्षण होते. ते घर नव्हते, सोने नव्हते, गोदामातला मालही नव्हता. ती होती जेमतेम मिनिटभराची एक फिल्म. कुंडीत वाटाणे पेरून, समोर कॅमेरा एकाच जागी स्थिर ठेवून, महिनाभराहून अधिक काळ त्यांचे थोडे थोडे चित्रण केलेले होते. पडद्यावर मात्र दाणा रुजला, कोंब फुटला आणि पाहता पाहता वेल झाला. 'अंकुराची वाढ' हे या फिल्मचे नाव. ती पाहून छायाचित्रण साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या मंडळींनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली. कर्जदार होते त्र्यंबकेश्वर येथे 1870 मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब.

विम्याच्या पॉलिसींवर त्यांनी आधीच कर्ज काढले होते, ते लंडनला जाऊन ही विद्या शिकण्यासाठी व विल्यमसन कॅमेरा विकत घेण्यासाठी. पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही याच कामी आले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला आणि त्यानंतर दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलविला.

आज चित्रपटातील ज्या दृश्यकरामतींना व्हिज्युअल इफेक्ट्स म्हणतात आणि ज्यांच्यासाठी संगणकाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्या जगभर नावारूपाला आल्या आहेत, त्या करामतींचा आपल्या देशातील आरंभीचा कारखाना असा नाशकात होता. 'लंकादहन' मध्ये मारुतीने लंका पेटविली. 'कालियामर्दन' मध्ये दादासाहेबांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्ण होऊन यमुनेच्या डोहात कालियाशी झुंज दिली. दादासाहेब तरुणपणी जादूचे प्रयोगही करीत आणि आपले आडनाव उलटे वाचून 'प्रोफेसर केल्फा' म्हणवून घेत. हातचलाखीची ती नजर त्यांनी कॅमेऱ्यामागे वापरली.

त्या काळची रीत समजून घेण्यासारखी आहे. एकाच फिल्मवर दोन दृश्ये उमटवावयाची, तर चौकटीचा काही भाग काळ्या आच्छादनाने झाकून पहिले चित्रण करावयाचे. मग फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळून, झाकलेला भाग उघडा व उघडा भाग झाकलेला ठेवून दुसरे. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावयाचा आणि फेऱ्या मनात मोजावयाच्या. एक फेरी चुकली की दोन्ही दृश्ये वाया जात. दुरुस्तीला वाव नव्हता. फिल्म विलायतेहून येणारी व महाग. म्हणजे सारे भांडवल एका माणसाच्या हातावर व डोळ्यावर तोललेले असे.

1918 मध्ये भांडवलदार भागीदारांसह नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी मंडळींनी पैसा घातला. दादासाहेब हे काम पाहणारे भागीदार झाले. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' यांनी उत्तम यश मिळविले. व्यापारी दृष्टीने पाहता ही जुळणी आदर्श होती. एकाकडे विद्या, दुसऱ्याकडे द्रव्य.

तरीही ती टिकली नाही. खर्च किती करावा व अंतिम शब्द कोणाचा, यावरून मतभेद वाढले. दादासाहेब कंपनी सोडून काशीला गेले आणि तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहू लागले. त्यांच्यामागे कंपनीची यंत्रसामग्री होती, माणसे होती, नाव होते. पण चित्रपटांना पूर्वीची कळा येईना. अखेर त्यांना परत बोलवावे लागले आणि तेही आले, परंतु भागीदारीतला पहिला विश्वास काही परतला नाही. बोलपटांचे युग सुरू झाले आणि कंपनी मिटली. 16 फेब्रुवारी 1944 रोजी दादासाहेब नाशकातच निवर्तले, तेव्हा त्यांच्या गाठीला फारसे काही उरलेले नव्हते.

या हकिकतीत कोणा एकाला दोषी ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. भागीदारांनी हिशोब मागितला, हा त्यांचा हक्क होता. दादासाहेबांनी विद्या लपविली, असेही म्हणता येत नाही. 1917 मध्ये त्यांनी 'नवयुग' मासिकात या धंद्याविषयी लेख लिहिले आणि चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारी फिल्मही काढली. खरी अडचण निराळी होती. कंपनीची सर्वांत मोठी मालमत्ता ताळेबंदात कोठेच नव्हती. ती दादासाहेबांच्या हातात होती, आणि हात दाराबाहेर पडला की मालमत्ताही दाराबाहेर पडत होती.

आजच्या सॉफ्टवेअरचे महत्त्व नेमके येथे कळते. 1993 च्या सुमारास अमेरिकेतील डिजिटल डोमेन या कंपनीच्या तंत्रज्ञांनी स्वतःच्या कामापुरते 'न्यूक' नावाचे सॉफ्टवेअर तयार केले. अनेक दृश्ये थरांप्रमाणे एकमेकांवर बसवून एकच दृश्य करणे, हे त्याचे काम. 'टायटॅनिक' साठीही ते वापरले गेले. त्यात प्रत्येक कृती एका छोट्या चौकोनात नोंदलेली असते आणि चौकोन रेषांनी जोडलेले असतात. ही जणू रोजमेळाची वहीच. मूळ चित्रण अबाधित राहते; कोणतीही नोंद केव्हाही उघडून दुरुस्त करता येते, आणि पहिला कारागीर नोकरी सोडून गेला तरी दुसरा तीच वही पुढे लिहू शकतो. 2007 मध्ये लंडनच्या फाउंड्री कंपनीने हे सॉफ्टवेअर आपल्याकडे घेतले आणि जगभरातील स्टुडिओंना पुरविले. एका घरचे अवजार दुसऱ्या घरचा व्यवसाय झाले, कारण ते लिहून ठेवलेले होते.

महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. 1997 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसने साध्या चित्रणाला त्रिमितीची खोली देणारी 'व्ह्यू-डी' ही स्वतःची प्रक्रिया विकसित केली. 2010 च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स' या हॉलिवूडपटासाठी ती वापरली गेली, आणि 2014 मध्ये लंडनची नामांकित डबल निगेटिव्ह कंपनी या समूहात आली. कुशल माणसे तर हवीतच; पण त्यांचे कौशल्य पेढीच्या प्रक्रियेत उतरले, म्हणून ते समुद्रापार विकता आले.

व्यापारी घरांतील मुले आता या क्षेत्राकडे वळू लागली आहेत. मुलगा किंवा सून अशा उद्योगासाठी भांडवल मागते, तेव्हा वडीलधारी मंडळी दुकानाची जागा व मालाचा साठा विचारतात आणि उत्तर न मिळाल्याने गप्प होतात. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. ही विद्या कोठे नोंदलेली आहे? कराराने ती कोणाच्या मालकीची आहे? आणि खर्चाबाबत मतभेद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, हे भागीदारीच्या कागदात स्पष्ट आहे काय? यंत्रे जुनी होतात, सॉफ्टवेअरही दर वर्षी बदलते. या तीन उत्तरांची किंमत मात्र उतरत नाही.

नाशकात पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेबांचे स्मारक आहे. सुट्टीत मुलांना तेथे नेणाऱ्या कुटुंबांनी त्यांना त्या वाटाण्याच्या वेलाची गोष्टही अवश्य सांगावी. सावकारांनी अंकुर ओळखला, हे त्यांचे मोठेपण. पुढे वेल वाढला, बहरला. पण त्याचे बी कोणाच्या कोठीत राहणार, हे मात्र कोणीच लिहून ठेवले नाही.