मुलांच्या दाढांवरील लेप : फायदा किती, जोखीम किती?

व्यापाराच्या पानावर दातांचा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. आपल्या वाचकांत कारागीर आणि लहान दुकानदार पुष्कळ आहेत. नोकरदारासारखी भरपगारी रजा त्यांना नाही, की दवाखान्याचे बिल भरणारी कंपनीही नाही. मुलाची दाढ ठणकू लागली की त्या दिवशी माग बंद राहतो, दुकान उशिरा उघडते आणि गल्ल्यातील रक्कम दवाखान्यात जाते. म्हणून 'सीलंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाढांवरील लेपाचा जमाखर्च आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूल साधारण सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, वर-खाली दोन्ही बाजूंना, एकेक नवी दाढ उगवते. ती उगवताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे आईवडिलांच्या लक्षातच येत नाही. पुढे तिच्यात काळा ठिपका दिसला तरी 'दुधाचीच आहे, पडून जाईल' असे म्हणून सोडून दिले जाते. वस्तुतः ही दाढ कायमची असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. अशाच आणखी चार दाढा बाराव्या वर्षाच्या सुमारास येतात. सीलंटचा सगळा प्रश्न मुख्यतः या आठ दाढांचा आहे.

दाढेच्या माथ्यावर अरुंद खाचा असतात. त्या इतक्या बारीक की ब्रशचा केस त्यांच्या तळाशी पोहोचत नाही आणि मिसवाकचा तंतूही पोहोचत नाही. बिस्किट, चॉकलेट, गोड चहा यांचा अंश तेथे अडकतो, जंतू त्याचे आम्ल करतात आणि दात झिजू लागतो. मुलांच्या कायमच्या दातांतील दर १० किडींपैकी ९ मागच्या दाढांत असतात, असे अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र सांगते. आपल्या देशात २००२-०३ मध्ये दंत परिषदेने केलेल्या पाहणीत १२ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते.

कापडाच्या धंद्यातील माणसाला सीलंट समजणे कठीण नाही. ताणा मागावर चढवण्यापूर्वी आपण सूताला खळ देतो, म्हणजेच सायझिंग करतो. धागा तुटल्यावर खळ देऊन काही उपयोग होत नाही. सीलंटचेही तसेच आहे. दाढ निरोगी असतानाच तिच्या खाचांवर पातळ राळेचा लेप देऊन त्या बुजवायच्या. डॉक्टर दाढ स्वच्छ करतात, फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद लावून पृष्ठभाग किंचित खरबरीत करतात, धुऊन कोरडा करतात, लेप लावतात आणि निळ्या प्रकाशाने तो घट्ट करतात. सुई नाही, कोरणे नाही, वेदना नाही. आम्लाने दाताची पकड वाढते हे अमेरिकेतील डॉ. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले होते आणि १९७० च्या दशकात सीलंट वापरात आले. तेव्हा ही काही कालपरवाची टूम नव्हे.

आता फायद्याची बाजू पाहू. वर सांगितलेल्या अमेरिकी केंद्राच्या मते सीलंटमुळे मागच्या दाढांतील किडीपासून दोन वर्षे ८० टक्के संरक्षण मिळते आणि चार वर्षांपर्यंत ५० टक्के टिकते. दर कालांतराने का उतरतो? कारण लेप कधी झिजतो, कधी त्याचा तुकडा निघतो. म्हणून दर सहा महिन्यांनी किंवा निदान वर्षातून एकदा तो तपासून घेणे आवश्यक आहे. निघालेला भाग पुन्हा भरता येतो. लेप लावताना दाढेला लाळ लागली तर तो टिकत नाही. कापसाने दाढ नीट कोरडी ठेवणारा डॉक्टर हाच या कामातील खरा कारागीर समजावा.

धोक्याचे काय? स्पेनमधील संशोधकांनी १९९६ मध्ये सीलंट लावलेल्यांच्या लाळेत 'बिस्फेनॉल ए' हा पदार्थ आढळल्याचे प्रसिद्ध केले आणि पालकांत घबराट पसरली. हा पदार्थ शरीरातील हार्मोनच्या कार्यात ढवळाढवळ करू शकतो, म्हणून ही भीती अगदीच निराधार नव्हती. पण व्यापाऱ्याने भीतीसुद्धा वजन करून पाहावी. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१६ मध्ये निरनिराळी सीलंट तपासली, तेव्हा त्यांतून ०.०९ नॅनोग्रॅम इतकाच हा पदार्थ निघाला. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा हिस्सा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये आपली मर्यादा फार कडक केली. त्या कडक मापानेही २० किलोच्या मुलाला दिवसाला ४ नॅनोग्रॅम चालतात. हाच पदार्थ डब्यांच्या आतील अस्तरात आणि आपल्या बिलिंग मशीनच्या थर्मल कागदातही वापरला गेला आहे. सीलंटमधील अंश मुख्यतः लेप लावल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच लाळेत येतो. तरीही खबरदारी म्हणून लेप घट्ट होताच वरचा ओलसर थर पुसून घ्यावा, मुलाने अर्धा मिनिट चूळ भरून ती थुंकावी. शंका उरलीच तर ग्लास आयोनोमरचा लेप मागता येतो. त्यात हा पदार्थ नसतो, मात्र तो लवकर निघतो.

दुसरा पर्यायही तराजूत टाकला पाहिजे. दर सहा महिन्यांनी दातांना फ्लोराइड वार्निश लावता येते. वेल्समध्ये सहा-सात वर्षांच्या एक हजाराहून अधिक मुलांवर या दोन्ही उपायांची तुलना झाली. तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनंतर सीलंटच्या गटात १९.६ टक्के आणि वार्निशच्या गटात १७.५ टक्के मुलांच्या दाढा किडल्या होत्या. हा फरक नगण्य ठरला आणि वार्निश स्वस्त पडले. मात्र वार्निशसाठी दर सहा महिन्यांची फेरी चुकवून चालत नाही. ज्यांना ती जमते त्यांनी ते घ्यावे, ज्यांना जमत नाही त्यांनी सीलंट बसवून वर्षातून एकदा तपासावे.

खर्चाचे म्हणाल तर दर दवाखान्यागणिक वेगळे असतात. दोन ठिकाणी विचारून घ्यावे, जसे आपण सूत घेताना विचारतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे खर्च कमी येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत येते, तेव्हा दातही तपासले जातात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. दाढ किडून नसेपर्यंत पोहोचली तर रूट कॅनल आणि वरची टोपी यांचा खर्च हजारांत जातो. शिवाय मुलाची झोप आणि शाळा बुडते ती वेगळी.

दोन इशारे देऊन थांबतो. दाढेला खड्डा पडला असेल तर लेप नव्हे, इलाज करावा. आणि लेप बसला म्हणून ब्रश सुटत नाही, कारण दोन दातांमधील जागा उघडीच राहते.

घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर आज उजेडात त्याचे तोंड उघडून पाहा. दुधाच्या दाढा प्रत्येक बाजूला दोनच असतात. तिसरी दिसली तर ती कायमची आहे. ती तितक्याच जपणुकीने सांभाळावी, कारण ही दाढ आयुष्यात एकदाच मिळते.