मिशनसेवेतील अपयश व श्रद्धा (अहमदनगर जिल्हा)

स्वदेश सोडून परमुलखात धर्मोपदेश करणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला येणारी अपयशे आणि त्यांमुळे तिच्या श्रद्धेत घडून येणारे स्थित्यंतर. ख्रिस्ती परंपरेत या विषयाला आरंभापासून महत्त्व आहे. क्रुसावरील मरण हे बाह्यतः पराभवच होते आणि संत पॉलच्या पत्रांत उपदेशकाची दुर्बलता हेच ईश्वरी सामर्थ्याचे स्थान मानलेले आढळते. महाराष्ट्रात या प्रश्नाचा दीर्घ व तपशीलवार इतिहास अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात पाहावयास मिळतो. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ पासून चालू झाले.

ज्या अमेरिकन बोर्डाने हे मिशन चालविले, त्याची स्थापना १८१० मध्ये झाली. १८१२ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या तुकडीला ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्यातून घालवून दिले. सॅम्युएल न्यूएल यांची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट हिचे त्याच वर्षी मॉरिशस बेटावर निधन झाले. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. त्यांपैकी नॉट प्रकृतीच्या कारणाने १८१५ मध्ये परतले. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत, तर हॉल १८२६ मध्ये नासिककडील प्रवासात पटकीने मरण पावले. तोपर्यंत धर्मांतरे जवळजवळ झालीच नव्हती. असे असता हॉल व न्यूएल यांनी १८१८ मध्ये साठ कोटी लोकांच्या धर्मांतराची जबाबदारी अमेरिकन चर्चवर टाकणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, ही गोष्ट लक्षणीय आहे. तिचे मूळ त्यांच्या कॅल्व्हिनपंथी ईश्वरविज्ञानात सापडते. माणसाचे मन पालटणे हे ईश्वराचे काम, उपदेशकाचे काम पेरणीपुरते, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे पीक न येणे हा श्रद्धेविरुद्धचा पुरावा ठरत नसे. या धारणेने माणसे तगली खरी, पण आपल्या पद्धतीत काही चुकते आहे काय, हा प्रश्नही तिच्यामुळे बराच काळ झाकला गेला.

डिसेंबर १८३१ मध्ये ॲलन ग्रेव्ह्झ, हॉलिस रीड व विल्यम हर्व्ही हे नगरास आले. मुंबईपेक्षा येथील हवा निरोगी, हे स्थळाच्या निवडीचे एक कारण होते. प्रत्यक्षात पाच महिन्यांतच हर्व्ही पटकीने दगावले. मिशनची मोठी आशा ज्यांच्यावर होती, ते बाबाजी हे धर्मांतरित ब्राह्मण १८३३ मध्ये त्याच रोगाने गेले. रीड यांनी त्यांचे चरित्र लिहून अमेरिकेत प्रसिद्ध केले. अपयशाचे साक्षीत रूपांतर करण्याची जी रीत मिशनरी वाङ्मयात रूढ झाली, तिचा हा एक प्रारंभीचा नमुना होय. अशा चरित्रांबाबत एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी लागते. संकटातून श्रद्धा दृढ झाली, असे सांगणारे बहुधा मागे उरलेले असतात. वर्षभरात मरण पावलेल्या उपदेशकाला काय वाटले असावे, ते दुसराच कोणी लिहितो.

मिशनचा मूळ बेत ब्राह्मणवर्ग प्रथम वळविण्याचा होता. १८३९ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८५४ मध्ये त्यांना व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तथापि अशी उदाहरणे थोडीच राहिली, आणि उच्चवर्णीयांच्या धर्मांतराची वार्ता पसरली की पालक मुलांना मिशनच्या शाळांतून काढून घेत. दुसरीकडे, ज्यांच्याकडे आरंभी फारसे लक्ष नव्हते त्या महार व मांग समाजांतील माणसे खेड्याखेड्यांतून पुढे आली. शहरावर केंद्रित झालेले कार्य त्यामुळे राहुरी, वडाळे यांसारख्या गावांकडे वळले. बाजारपेठेतील वादविवादाने माणसे दुखावली जातात पण वळत नाहीत, हेही अनुभवाने कळले. १८६० नंतर कृष्णराव सांगळे आदींनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला. उपदेशकाने लोकांना शिकवावयाचे, हा क्रम येथे उलटला. लोकांच्या रूढ उपासनापद्धतीपासून उपदेशक शिकला.

काही श्रमांचे फळ अनपेक्षित ठिकाणी मिळाले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईस आल्या व १८३९ पासून मृत्यूपर्यंत (१८६२) नगरच्या मुलींच्या शाळा त्यांनी चालविल्या. धर्मांतराच्या मोजमापाने त्यांचे यश बेताचेच म्हणावे लागेल. पण त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाई फुले यांनीही अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले. ज्या सुधारणेने पुढे मिशनच्या चौकटीबाहेर स्वतंत्र मार्ग धरला, तिला मिशनचा असा हातभार लागला.

याच सुमारास महाराष्ट्रात मॉर्मन पंथाचाही एक अल्पजीवी प्रयत्न झाला. ह्यू फिंडले हे स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईस आले व नंतर पुण्याच्या लष्करी भागात गेले. मॉर्मन प्रचारक वेतन घेत नसत. लोकांच्या आतिथ्यावर निर्वाह करावयाचा, हा त्यांचा नियम. परंतु त्याच वर्षी या पंथाने बहुपत्नीकत्वाचा उघड पुरस्कार केल्याने वृत्तपत्रे व इतर धर्मोपदेशक त्यांच्यावर तुटून पडले आणि लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना छावणीत राहू दिले नाही. दीक्षा घेतलेल्यांनी यूटा प्रदेशी जाऊन वसावे, अशी शिकवण असल्याने झालेली मंडळीही येथे मूळ धरू शकली नाही. फिंडले १८५५ मध्ये परतले. नगरच्या मिशनऱ्यांच्या वाट्याला आलेले अपयश याहून सौम्य नव्हते. मात्र ते तीस-तीस वर्षे तेथेच राहिले, मराठीत लिहू लागले, आणि १८४२ मध्ये नगर येथून ज्ञानोदय हे नियतकालिक त्यांनी सुरू केले. हेन्री बॅलंटाइन यांनी मराठी गीते रचली. १८३५ पासून नगरात राबलेले हे गृहस्थ १८६५ मध्ये स्वदेशी जाताना समुद्रातच निवर्तले.

अपयश नेहमी बाहेरूनच येते असे नाही. रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) यांचा जन्म मुंबईचा. मिशनरी असलेले त्यांचे वडील १८५४ मध्ये परतीच्या प्रवासात वारले होते. १८७४ मध्ये ह्यूम नगरास आले व १८७८ मध्ये तेथे ईश्वरविज्ञानशाळा निघाली. ख्रिस्ताचे नाव कानी न पडता मेलेल्यांना मरणोत्तर संधी मिळू शकेल, या मताला त्यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत सहानुभूती दर्शविली. त्याबरोबर बोर्डाने त्यांचे भारतात परतणे रोखून धरले. मोठ्या वादानंतर त्यांना परवानगी मिळाली. या मतभेदामागे नगरचा अनुभव होता. ज्यांच्या भक्तिभावाचा रोज प्रत्यय येतो, त्यांचे पूर्वज सरसकट नरकात गेले, असे त्यांच्या तोंडावर सांगणे उपदेशकाला अवघड झाले होते. १८९९–१९०० च्या दुष्काळात ह्यूम यांनी केलेल्या साहाय्यकार्याची सरकारने कैसर-इ-हिंद पदक देऊन दखल घेतली. दुष्काळानंतर बाप्तिस्मे वाढले आणि त्याबरोबर अन्नासाठी धर्म बदलल्याचा आरोपही. मिशनला संख्यात्मक यश मिळाले तेव्हा त्याच्या आध्यात्मिक मोलाविषयी शंका घेतली गेली, हा या इतिहासातील एक विरोधाभास होय.

मिशनऱ्याची कसोटी कठीण असली, तरी धर्मांतरिताची त्याहून कठीण होती. मिशनऱ्याला परत जाण्यास देश होता. धर्मांतरिताला घर, जात व बहुधा उपजीविका यांना मुकावे लागे. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू यांच्याशी त्यांची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. नगरच्या मिशनमध्ये ते अध्यापन व उपदेश करीत आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. अभंग, भजन व कीर्तन हीच त्यांच्या उपासनेची स्वाभाविक भाषा बनली.

तथापि त्यांना सर्वांत खुपणारे अपयश मिशनच्या रचनेतच होते. परकीय संस्थेचा पगार घेणारा उपदेशक लोकांच्या दृष्टीने परकीयांचा चाकर ठरतो आणि देशी ख्रिस्ती मंडळी कायमची आश्रित राहते, ही जाणीव त्यांना वीस वर्षे छळीत राहिली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडून संन्यस्त वृत्ती पतकरली. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात येऊ शकत. मिशनशी त्यांचा संबंध तुटला नाही. ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन ते अखेरपर्यंत करीत होते. दोन वर्षांच्या आतच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला आणि दरबार विसकटला. व्यावहारिक दृष्टीने हा प्रयोग फसला. परंतु भारतीय ख्रिस्ती धर्म वेतनाच्या व पाश्चात्त्य चालीरीतींच्या बाहेर उभा राहू शकेल काय, हा प्रश्न एवढ्या स्पष्टपणे आधी क्वचितच कोणी स्वतःच्या जीवनाने मांडला होता.

लक्ष्मीबाईंचा (१८६८–१९३६) मार्ग वेगळा होता. पतीकडे परतल्यावरही त्या सोवळे पाळीत व आपला स्वयंपाक निराळा ठेवीत. ग्रंथ वा उपदेश यांपेक्षा राहुरी येथील रोजच्या सहवासात, जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, या स्वतःच्याच विचाराने त्यांचे बंधन गळून पडले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे विनोदाने व निर्लेपपणे सांगितले आहे. बाबाजींच्या चरित्राहून ते निराळे आहे, कारण येथे कसोटीची कथा जिने ती सोसली तीच सांगते, आणि आपल्या श्रद्धेचे श्रेय ती संकटाला फारसे देत नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनीच पुढे लिहून पुरे केले.

अमेरिकन मिशनने उभारलेली मंडळी १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये व १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाली.