महाविद्यालयीन एकांकिकेतील रंगमंच व्यवस्थापक : कार्य, नोंदवही आणि अधिकार
(बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

एकांकिका यशस्वी झाली की श्रेय लेखक, दिग्दर्शक आणि अभिनेते यांच्याकडे जाते. ती फसली तर कारण पुष्कळदा पडद्यामागे असते. उशिरा आलेला ध्वनिसंकेत, अंधारात सरकवताना घसरलेली लेव्हल, ऐन प्रवेशात न सापडलेले पत्र यांसाठी परीक्षकांच्या गुणपत्रिकेत स्वतंत्र रकाना नसतो. तथापि त्यांचा परिणाम अभिनयाच्या आणि दिग्दर्शनाच्या गुणांवर होतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील महाविद्यालये संघ तयार करतात, तेव्हा या कामासाठी स्वतंत्र विद्यार्थी बहुधा नेमला जात नाही. भूमिका न मिळालेल्या मुलाला ‘तू बॅकस्टेज बघ’ असे सांगितले जाते. हे काम उरलेल्यांचे नसून निवडलेल्याचे आहे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात नवोदित रंगमंच व्यवस्थापकाच्या कार्याचे आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकाच्या जबाबदारीचे विवेचन केले आहे.

सूत्रधाराचा वारसा

मराठी रंगभूमीला ही कल्पना नवी नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यांच्या नाटकांत कथानक पद्यांतून पुढे नेणारा आणि पात्रांना वाट करून देणारा सूत्रधार प्रेक्षकांसमोर उभा असे. पात्रांची भाषणे बव्हंशी उत्स्फूर्त असल्याने प्रयोगाचा दोर त्याच्याच हाती राही. पुढे लिखित संहितेचे नाटक रुजले, तसा सूत्रधार नांदी-प्रस्तावनेपुरता उरला. त्याचे नियंत्रणाचे काम मात्र संपले नाही, ते विंगेत गेले. आजही व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत व्यवस्थापकीय धुरा वाहणाऱ्याचा उल्लेख ‘सूत्रधार’ असाच होतो, ही बाब बोलकी आहे. मराठवाड्याला परिचित असलेले प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे तर एकपात्री. एकच नट ५२ पात्रे उभी करतो. पण तेथेही प्रकाश, ध्वनी आणि पडदा सांभाळणारे हात लागतातच. रंगमंचावरील माणसे कमी झाली म्हणून मागची शिस्त कमी होत नाही.

प्रयोगाची वही

व्यवस्थापकाचे पहिले साधन म्हणजे प्रयोगाची वही. मोठ्या आकाराची, जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी. उजव्या पानावर संहितेचे एकच पान चिकटवावे आणि डावे पान कोरे ठेवावे. या कोऱ्या पानावर पात्रांच्या हालचाली, वस्तूंच्या जागा आणि संकेत लिहावयाचे. सर्व नोंदी पेन्सिलीने कराव्यात, कारण तालमीत रोज बदल होतात आणि शाईने लिहिलेली वही आठ दिवसांत वाचेनाशी होते. प्रकाशाच्या संकेतांना आकडे आणि ध्वनीच्या संकेतांना अक्षरे दिल्यास घाईत गल्लत होत नाही.

संकेत कोठे लिहावा, याकडे नवोदितांचे विशेष दुर्लक्ष होते. ‘वडील आल्यावर प्रकाश कमी’ अशी नोंद निरुपयोगी आहे. वडील विंगेतून दिसल्यावर, उंबऱ्यावर थांबल्यावर, की खुर्चीत बसल्यावर? संवादातील नेमका शब्द किंवा नेमकी हालचाल यांखाली रेघ मारून तेथपर्यंत बाण ओढला पाहिजे. नट वाक्य विसरण्याचा संभव असेल तर संकेत शब्दाला न बांधता हालचालीला बांधावा. घाबरलेला नट वाक्य गाळतो, पण दार सहसा उघडतोच. प्रत्येक संकेताच्या साधारण अर्धे पान आधी पूर्वसूचना लिहावी. व्यवस्थापकाने ‘प्रकाश सात, तयार’ म्हणावे, पुढे योग्य क्षणी ‘सोड’ म्हणावे आणि या दोन उच्चारांच्या मध्ये काहीही बोलू नये.

वहीची खरी कसोटी एकच आहे. व्यवस्थापक आजारी पडला आणि दुसऱ्या विद्यार्थ्याने वही हाती घेतली, तर प्रयोग होऊ शकतो काय? होत नसेल तर ती वही नव्हे, खासगी टिपण आहे.

तालमीचे वेळापत्रक आणि एस. टी.

नाट्यविषयक पुस्तकांत तालमीचे वेळापत्रक प्रवेशांनुसार आखावे असे सांगितलेले असते. बीड जिल्ह्यात ते एस. टी. च्या वेळांनुसार आखावे लागते. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील खेड्यांतून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांची शेवटची गाडी कोणती, हे व्यवस्थापकाच्या वहीच्या पहिल्याच पानावर हवे. ज्यांना लवकर निघावयाचे आहे त्यांचे प्रवेश आधी घ्यावेत. वसतिगृहातील मुलांचे नंतर. विद्यार्थिनींच्या बाबतीत तर यावर पुष्कळ अवलंबून असते. एकदा गाडी चुकली, घरी पोहोचावयास रात्र झाली की दुसऱ्या दिवशी पालक तालीम बंद करतात आणि एक गुणी अभिनेत्री कायमची गमावली जाते. येथे दोष पालकांना देऊन भागणार नाही. तो वेळापत्रक न पाळणाऱ्यांचा आहे.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. दसरा-दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. अशा घरातील विद्यार्थ्यावर धाकट्या भावंडांची किंवा जनावरांची जबाबदारी येते. कधी त्यालाही सोबत जावे लागते. व्यवस्थापकाने प्रारंभीच प्रत्येकाच्या अडचणीच्या तारखा एकट्याला बाजूला घेऊन विचाराव्यात, सर्वांसमोर नव्हे. जेथे शंका असेल तेथे पर्यायी विद्यार्थ्याकडून ती भूमिका तयार करून घ्यावी, आणि मूळ विद्यार्थी परतल्यास त्याला मानाने जागा द्यावी. भूमिका काढून घेतली, ही भावना अशा मुलाला रंगमंचापासून दूर नेते.

मोजमाप आणि वीज

बीड शहरात यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे. पण तालमी होतात त्या वर्गखोलीत, सभागृहात किंवा मैदानावर. म्हणून ज्या रंगमंचावर प्रयोग व्हावयाचा त्याच्या दर्शनी भागाची रुंदी, खोली आणि विंगांतील मोकळी जागा आयोजकांकडून आधीच विचारून घ्यावी. मैदानावर चुन्याने आणि खोलीत खडूने त्याच मापाचा आराखडा आखून तालीम करावी. वीस फुटांच्या खोलीत बसवलेली धावपळ तीस फुटांच्या मंचावर विरळ दिसते आणि प्रत्येक प्रवेश-निर्गमनाला दोन-तीन पावले वाढतात. ही पावले मोजलेली नसतील तर संगीत आधी संपते.

विजेचा हिशेब विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांच्या मदतीने करावा. येथे आंतरविद्याशाखीय सहकार्याला खरा अर्थ येतो. १००० वॅटचे सहा दिवे एकत्र लावल्यास २३० व्होल्टवर सुमारे २६ अँपिअर प्रवाह लागतो. १६ अँपिअरच्या एका सॉकेटवर हा भार टाकणे म्हणजे वायर जाळणे होय. भार वेगवेगळ्या परिपथांवर विभागावा आणि जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी. प्रयोग चालू असताना वीज गेल्यास काय करावयाचे, हेही आधी ठरलेले असावे. नटांनी जागा सोडू नये, विंगेतील बॅटरी व्यवस्थापकानेच पेटवावी आणि वीज आल्यावर कोणत्या वाक्यापासून पुढे जावयाचे ते त्यानेच हलक्या आवाजात सांगावे. ध्वनी लॅपटॉपवर असेल तर त्याची बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि मोबाईल फोन विमान-स्थितीत. प्रार्थनेच्या प्रवेशात रिंगटोन ऐकलेल्या प्रेक्षकांना याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

तिसऱ्या घंटेनंतर

भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवक महोत्सवात एकांकिकेसाठी ३० मिनिटांची मर्यादा असून कलावंत ९ आणि साहाय्यक ३ अशी संख्या ठरवून दिलेली आहे. या तिघांत प्रकाश आणि ध्वनी यांचे दोघे गेल्यावर उरलेली जागा रंगभूषाकाराला दिली जाते. हा निर्णय पुनर्विचार करण्यासारखा आहे. रंगभूषा पडदा उघडण्यापूर्वी संपते, व्यवस्थापकाचे काम तेव्हा सुरू होते. तालमीत एकांकिका २७ मिनिटांतच बसवावी; हशा आणि टाळ्या उरलेला वेळ घेतात. मांडणी व आवराआवर यांचीही घड्याळ लावून तालीम व्हावी. सर्वांत मागची लेव्हल आधी आत जावी आणि प्रत्येक वस्तू कोणी उचलावयाची ते नावानिशी ठरलेले असावे.

पहिल्या घंटेला वस्तूंच्या टेबलाची तपासणी, दुसरीला पात्रांची हजेरी, आणि तिसऱ्या घंटेनंतर प्रयोग व्यवस्थापकाच्या स्वाधीन. हे शेवटचे वाक्य आचरणात आणणे प्राध्यापकांना सर्वांत कठीण जाते. महिनाभर ज्यांनी तालीम घेतली ते सर किंवा मॅडम विंगेत उभे राहून हातवारे करतात, प्रकाशवाल्याला परस्पर सूचना देतात, आणि एकोणीस वर्षांच्या व्यवस्थापकाला कोणाचे ऐकावे ते कळत नाही. दोन ठिकाणांहून आलेल्या सूचनांत प्रयोग अडखळतो. म्हणून ‘सर, आता आपण प्रेक्षागृहात बसा’ असे म्हणण्याचा अधिकार त्या विद्यार्थ्याला रंगीत तालमीच्या दिवशीच, सर्व संघासमोर, प्राध्यापकांनी स्वतः द्यावयाचा असतो. मागून घेतलेला अधिकार विंगेत चालत नाही. प्रयोगात चूक झालीच तर ती त्या वेळी उच्चारू नये. वहीत वेळ टाकून नोंदवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे जेवून-झोपून आल्यावर, ती वही उघडावी.