जीप उंच झाली, ॲक्सल तिथेच!

फळ्यावर थोडे अंतर सोडून दोन उभे आयत काढा. ही मागून पाहिलेल्या जीपची दोन चाके. त्यांना मधोमध जोडणारी आडवी रेघ म्हणजे ॲक्सल, बैलगाडीत आपण जिला आस म्हणतो ती. रेघेच्या मध्यावर नारळाएवढा फुगवटा दाखवा. त्यात डिफरन्शियलची दंतचक्रे असतात. ॲक्सलच्या वर दोन स्प्रिंगा आणि स्प्रिंगांवर गाडीचा सांगाडा. चित्र पुरे झाले की वर्गाला विचारा : या स्प्रिंगांच्या जागी दोन इंच जास्त उंचीच्या स्प्रिंगा बसवल्या, तर वाटेतल्या दगडावरून जाताना किती जास्त मोकळी जागा मिळेल?

'दोन इंच' या उत्तराला बरेच हात वर होतील. पण चित्राकडे पुन्हा पाहू. स्प्रिंग ॲक्सलच्या वर आहे. ती लांब झाली की तिच्या वरचे सगळे वर जाईल, खालचे जिथल्या तिथे राहील. दगडाला आधी टेकणारा तो फुगवटा पूर्वी जमिनीपासून जेवढा उंच होता, तेवढाच आताही आहे. उत्तर शून्य! (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे झुलणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल सांगाड्यालाच जोडलेला असतो, तिथला हिशेब वेगळा. आपण इथे अखंड ॲक्सलच्या गाडीबद्दल बोलत आहोत.)

आडवाटेवर, डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर गाडी घालण्याची हौस आपल्याकडे वाढते आहे. गाडी उंच करून देणारी, मोठे टायर चढवून देणारी दुकानेही आहेत. यात बराच पैसा जातो आणि कधी गाडी उताराच्या बाजूला कलंडते. त्यामागचे गणित मात्र दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडचे नाही. घरात अशी गाडी असलेला किंवा नुसतीच तिची स्वप्ने पाहणारा एखादा विद्यार्थी वर्गात असतोच. त्याच्या निमित्ताने सगळ्या वर्गाला हे गणित सांगता येईल.

या गाड्यांची आजी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप. पुढे-मागे अखंड ॲक्सल, वर कमानपाटे, आणि ॲक्सलखाली पावणेनऊ इंच म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर मोकळी जागा. हीच जीप पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत जोडायला घेतली. आता २०२३ साली भारतात विक्रीला आलेली पाच दारांची जिम्नी पाहा. तिलाही दोन्ही ॲक्सल अखंड, आणि खालची मोकळी जागा २१ सेंटिमीटर. ऐंशी वर्षांत हा आकडा फारसा हलला नाही, कारण तो ठरतो मुख्यतः चाकाच्या त्रिज्येवरून. चाकाची त्रिज्या वजा फुगवट्याची त्रिज्या, एवढेच ते सूत्र आहे.

तर मग ॲक्सल उचलायचा असेल तर चाक मोठे हवे. किती मोठे? टायरच्या कडेवर छापलेले आकडे वाचायला मुलांना शिकवा, ती एक चांगली अंकगणिताची उदाहरणे आहेत. जिम्नीच्या टायरवर '१९५/८० आर १५' असे असते. टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १५६ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून एकूण व्यास ३८१ अधिक ३१२, म्हणजे ६९३ मिलिमीटर. आता हौशी मंडळी वापरतात तो '२३५/७५ आर १५' घेऊ. त्याचा व्यास येतो साधारण ७३३ मिलिमीटर. फरक चाळीस. पण ॲक्सल चाकाच्या केंद्रात असतो, त्यामुळे तो वर जातो त्याच्या निम्मा, फक्त २० मिलिमीटर. दोन सेंटिमीटर!

या दोन सेंटिमीटरसाठी काय मोजावे लागते तेही पाहू. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आता सुमारे पावणेसहा टक्के जास्त अंतर कापते. वेगदर्शकाला हे ठाऊक नसते. पूर्वी तो अचूक असेल, तर आता त्यावर ६० दिसत असताना खरा वेग साडेत्रेसष्टच्या आसपास असतो. तरफेच्या नियमाने चाकाचा रस्त्यावरचा जोर जवळपास तितक्याच टक्क्यांनी घटतो, आणि ब्रेकचाही. शिवाय मोठा टायर जड असतो. आणि वळताना किंवा खड्ड्यात तो मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो.

इथे उंच स्प्रिंगांना खरे काम मिळते. मोठ्या टायरला फिरायला जागा हवी, म्हणून सांगाडा वर घ्यायचा. आधी टायर ठरवायचा आणि त्याला लागेल तेवढेच गाडी उचलायची. बरेच जण हे उलट करतात. आधी चार इंच उचलतात, मग चाके बारीक दिसतात म्हणून त्यांच्यासाठी टायर शोधतात.

सांगाडा वर गेल्याचा आणखी एक फायदा मान्य करायला हवा. बांध किंवा उंचवटा ओलांडताना पुढची चाके पलीकडे, मागची अलीकडे आणि गाडीचे पोट मधल्या मातीवर टेकलेले, अशी अवस्था होते. हे टळते की नाही हे पोटाची उंची आणि दोन ॲक्सलमधले अंतर यांवर ठरते. तीन दारांच्या जिम्नीत हे अंतर २२५० मिलिमीटर आहे, पाच दारांच्या गाडीत २५९०. मोकळी जागा दोघींची सारखीच, पण पहिली सुमारे २८ अंशांचा उंचवटा ओलांडते, दुसरी सुमारे २४ अंशांचा. उंच स्प्रिंगांनी पोट वर गेले की हा कोन वाढतो.

आता दुसरी बाजू. एखाद्या फळीवर आगपेटी उभी ठेवा आणि फळी हळूहळू तिरपी करा. मग तीच आगपेटी आडवी ठेवून पाहा. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा पायथ्याच्या बाहेर पडली की वस्तू कोसळते, हे आपण सातवी-आठवीपासून सांगतो. गाडीसाठी त्याचे सूत्र असे : कलंडण्याच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे दोन चाकांमधले अर्धे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची.

आपल्या गाडीत डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १.४ मीटर आहे, त्याचे अर्धे ०.७ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६५ मीटर उंच आहे असे समजू. कोन येतो ४७ अंश. स्प्रिंगांनी ५ सेंटिमीटर आणि टायरने २ सेंटिमीटर उंची वाढवली. ॲक्सल आणि चाके स्प्रिंगांनी उचलली जात नाहीत, म्हणून गुरुत्वमध्य साधारण ६ सेंटिमीटर वर गेला असे धरू. कोन उरतो साडेचव्वेचाळीसच्या जवळ. अडीच अंश गेले, त्यात काय एवढे? पण डोंगराचा उतार सपाट फळीसारखा नसतो. २५ अंशांच्या आडव्या उतारावर गाडी चालली आहे. वरच्या बाजूची चाके ३० सेंटिमीटर उंच खडकावर चढली आणि खालची २० सेंटिमीटर खोल घळीत उतरली. दोन्ही मिळून अर्धा मीटर. या अर्ध्या मीटरने आणखी जवळजवळ २० अंशांची भर पडते. एकूण ४५. न उचललेली गाडी अजून उभी आहे, उचललेली गेली! प्रत्यक्षात तर खालच्या बाजूच्या स्प्रिंगा आणि टायर दबतात, गाडी हिसके खाते, आणि हा कोन हिशेबाहूनही लहान होतो. टपावर माणसे आणि पोती घेऊन घाट चढणारी वडाप जीप आपण सर्वांनी पाहिली आहे. गुरुत्वमध्य वर नेण्यासाठी तिला वेगळ्या स्प्रिंगांची गरज पडत नाही.

उंची वाढली की इतरही कोन बिघडतात. इंजिनाकडून ॲक्सलकडे जाणारा दांडा जास्त तिरपा होतो आणि त्याच्या टोकांचे 'क्रॉस' लवकर झिजतात. सायकलचा पुढचा चिमटा किंचित तिरपा असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. जीपच्या पुढच्या चाकांनाही तसाच कल दिलेला असतो. गाडी उचलल्यावर तो कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटू लागते. चांगला कारागीर हे सगळे दुरुस्त करून देतो, पण स्वस्तातल्या कामात ते राहून जाते. कायदाही लक्षात ठेवायला हवा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतल्या तपशिलांचा उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी मेळ राहणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. तेव्हा टायर निवडतानाही उत्पादकाने कोणते आकार मान्य केले आहेत ते आधी पाहावे.

मग आडवाटेवर जायचे तरी कसे? आमच्या मते सर्वात मोठा फरक पाडणारी गोष्ट फुकट आहे : टायरमधली हवा थोडी सोडणे.

चालकासह गाडीचे वजन १४०० किलो, म्हणजे चाकामागे ३५० किलो धरू. २६ पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.८३ किलो. ३५० भागिले १.८३ केले की टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्रफळ मिळते : सुमारे १९० चौरस सेंटिमीटर. हवा १५ पौंडांवर आणली तर तेच होते ३३० च्या वर. ही वाढ बहुतेक लांबीत होते, टायरचा ठसा लांबट होतो. शिवाय मऊ झालेला टायर टोकदार दगडावर आदळण्याऐवजी त्याला कवेत घेतो.

चौकस विद्यार्थी इथे हरकत घेईल, आणि ती घ्यायलाच हवी : घर्षणबल क्षेत्रफळावर अवलंबून नसते असे पुस्तकात आहे ना? तो नियम कठीण, कोरड्या पृष्ठभागांचा. रबर खडकाच्या खाचांत शिरून त्यांना धरते, त्यामुळे तिथे तो पुरता लागू होत नाही. आणि मातीत तर चाक घसरते ते मातीचाच थर तुटल्यामुळे. मातीचा थर किती जोर सोसेल याचे दोन भाग असतात. एक, मातीचे संसंजन गुणिले क्षेत्रफळ. दोन, वजन गुणिले मातीचा अंतर्गत घर्षणगुणक. ओल्या चिकणमातीत दुसरा भाग जवळजवळ नसतो, म्हणून तिथे क्षेत्रफळच कामाला येते. कोरड्या वाळूत संसंजन नसते, पण दाब कमी झाल्याने चाक रुतत नाही. रुतलेले चाक म्हणजे आपणच खणलेल्या खड्ड्यातून सतत चढत राहणारे चाक. कोकणच्या किनाऱ्यावर पाहुण्यांच्या मोटारी अशाच अडकतात, आणि चालक जितका जोर देतो तितक्या खोल जातात. उसाच्या टायरगाड्या लोखंडी धावेच्या लाकडी चाकापेक्षा शेतात सहज चालतात, त्याचे एक कारण हेच. बेकर या पोलिश वंशाच्या अभियंत्याने १९५६ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि पुढे चंद्रावरच्या गाडीच्या चाकांवर काम केले. १९७१ साली चंद्रावर फिरलेल्या त्या गाडीच्या टायरांत हवाच नव्हती. ते तारांच्या जाळीचे होते, आणि धुळीत दबून पसरत होते.

हवा सोडण्याला मर्यादा आहेत. कमी हवेवर डांबरी रस्त्याने वेगात गेले तर टायरच्या भिंती सतत दुमडून तापतात आणि फुटू शकतात. फार कमी हवेवर जोरात वळले तर टायर रिमवरून निसटतो. म्हणून पंप बरोबर हवाच.

टायरच्या नक्षीबद्दल थोडेच सांगू. चिखलाच्या टायरला मोठे ठोकळे आणि रुंद खाचा असतात. चाक फिरताना खाचांतला चिखल फेकला जातो आणि पकड पुन्हा मिळते. काळ्या मातीत साध्या टायरच्या खाचा पहिल्या दोन फेऱ्यांतच भरतात, आणि मग तो गुळगुळीत टायरच होतो. पण ओल्या डांबरावर चिखलाच्या टायरचे रबर रस्त्याला कमी टेकते आणि थांबायला जास्त अंतर लागते. जी गाडी पावसात घाट उतरते आणि महिन्यातून एकदाच चिखलात जाते, तिला दोन्हींच्या मधला, 'ऑल-टेरेन' म्हणतात तो टायर आम्ही बरा समजतो.

आणखी एक गोष्ट टेबलाकडून शिकता येते. चार पायांचे टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगते, कारण एक पाय अधांतरी राहतो. जीपचेही तसेच होते. साधा डिफरन्शियल असेल तर अधांतरी चाकच गरगर फिरते आणि जमिनीवरच्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. लवचीक स्प्रिंग चाकाला खड्ड्यात उतरू देते. उंची वाढवण्यासाठी घातलेल्या ताठ स्प्रिंगा ते उतरू देत नाहीत, आणि दिसायला दांडगी झालेली गाडी एका पायावर लंगडते.

हवेच्या दाबाचा हिशेब शाळेच्या आवारात तपासता येतो. कोणाची तरी स्कूटर मधल्या स्टँडवर घ्या. जमिनीपासून उचलल्या गेलेल्या चाकाच्या खालच्या भागाला ओला खडू किंवा शाई लावा, त्याखाली आलेख कागद ठेवा आणि स्कूटर स्टँडवरून अलगद उतरवून तो भाग कागदावर टेकवा. मग चौकोन मोजून ठशाचे क्षेत्रफळ काढा. पंपावरच्या मापकाने हवा मोजा, दर चौरस सेंटिमीटरला किलोमध्ये आणण्यासाठी पौंडांना १४.२ ने भागा, आणि क्षेत्रफळाशी गुणा. आलेला आकडा त्या चाकावरच्या वजनाशी पडताळा. वजनकाटा नसेल तर स्कूटरच्या पुस्तिकेतल्या वजनाच्या निम्म्याहून थोडे जास्त वजन मागच्या चाकावर धरा. दोन आकडे अगदी जुळणार नाहीत. तफावत कोणत्या बाजूला आहे, आणि टायरच्या ताठ भिंती किती भार उचलतात, याचा अंदाज मुलांनाच करू द्या. मग थोडी हवा सोडून दुसरा ठसा पहिल्याच्या शेजारी घ्या.