पलटणीचे दार

अकोल्यात एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले, "सर, आपली माणसे इंग्रजांच्या फौजेत लढली, याचा अभिमान धरायचा की लाज?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर पराक्रमाच्या कथांत सापडत नाही. पलटणीचे दार केव्हा उघडले आणि केव्हा बंद झाले, हे पाहावे लागते.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कंपनीच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने लढले. फौजेने या समाजाला पगार, पेन्शन आणि छावणीच्या शाळेतली अक्षरे दिली. सुभेदार रामजी सकपाळ याच परंपरेतले. पण १८९२च्या सुमारास 'लढाऊ जमातीं'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली गेली. ज्यांनी लढून दाखवले, तेच लढाऊ नाहीत असे ठरले! गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भरतीसाठी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये '१११ महार' पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

अमेरिकेच्या यादवी युद्धात निग्रो स्वयंसेवकांची चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स पलटण १८६३ मध्ये उभी राहिली. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १०. त्यातूनही कपड्यांचे ३ कापलेले. या पलटणीने पगारच नाकारला. राज्य सरकारने फरक भरून देऊ केला, तोही घेतला नाही, कारण प्रश्न तीन डॉलरचा नव्हता. बिनपगारी लढत त्यांनी समान वेतनाचा आग्रह धरला. जून १८६४ मध्ये काँग्रेसला कायदा करावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात डॉ. बाबासाहेबांनी हीच मागणी सरकारपुढे लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १९४२ मध्ये दुसरी आपल्या विदर्भात, कामठीला. युद्ध संपले, पण या वेळी दार बंद झाले नाही. आज त्या रेजिमेंटमध्ये निरनिराळ्या जातीधर्मांचे सैनिक आहेत.

साम्राज्याने आपल्या माणसांचा वापर करून घेतला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गावाने पाणवठ्यावरही उभे न केलेला माणूस फौजेत रांगेत उभा राहिला आणि पेन्शनीत गेल्यावर सरकारला अर्ज लिहू लागला. त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले : कोरेगावचा स्तंभ जरूर पाहा, पण वलंगकरांचा अर्जही वाच.